"वाघ्यानं विष खाल्लंय" : कांद्याच्या बीजप्लॉटमधला एक डंख

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यात मी पशुवैद्य आहे, तिथल्या एका वस्तीवरची ही घटना. कुत्र्याचं नाव आणि घरच्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

वाघ्या चार वर्षांचा, गावठी, अंगानं काळा, वजन 22 किलो. त्याची लस, जंताचं औषध सगळं वेळेवर. घरात दादा, वहिनी, दादांची आई आणि दहा वर्षांची मुलगी. दोन एकरांवर ते कांद्याचं बी धरतात. हंगामात त्यांच्या बांधावर मधमाश्यांच्या आठ पेट्या असतात, भाड्यानं आणलेल्या. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर मागाहून, त्यामुळे फूल स्वतःच्या परागावर फळत नाही. माशी फिरली तरच गोंडा भरतो. फेब्रुवारीत अशा प्लॉटजवळ उभं राहिलं की सगळं रान गुणगुणत असतं.

वाघ्याचा दिवसभराचा राबता याच बांधावर. उडणारं काही दिसलं की कुत्रा ते तोंडानं धरायला बघतो, म्हणून कुत्र्यांना डंख बहुतेक नाकावर, ओठावर, तोंडाच्या आत नाहीतर पंज्यावर होतात.

आदल्या वर्षीचा डंख

आदल्या फेब्रुवारीत दादांनी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता. वाघ्याचं थोबाड एका बाजूनं सुजलेलं, डोळा अर्धा मिटलेला, पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठलेल्या. नाकाच्या कडेला काळा बारीक काटा दिसत होता. मधमाशीचा काटा दातेरी असतो, तो कातडीत अडकतो आणि विषाच्या पिशवीसकट तुटून मागे राहतो. गांधीलमाशीचा काटा असा राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. तेव्हा काटा सापडला म्हणजे मधमाशी, एवढं नक्की.

कुत्रा चालत होता, पाणी पीत होता, श्वास मोकळा होता. मी काटा काढायला, थंड पाण्याची पट्टी ठेवायला आणि साधी सेटिरिझिन, म्हणजे ॲलर्जीची गोळी, द्यायला सांगितलं. 'साधी' हा शब्द मी दोनदा उच्चारला. मेडिकलमधून पुष्कळदा सर्दीची गोळी म्हणून सेटिरिझिन, पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली गोळी मिळायची (2024 मध्ये भारतात या मिश्रणावर बंदी आली), आणि तिच्यातली बाकीची दोन औषधं कुत्र्याला बाधू शकतात. आजींनी आधीच लोखंडाची विळी घासून चुना लावला होता. मी चुना धुवायला लावला. विष कातडीखाली टोचलं गेलेलं असतं आणि ते मुख्यतः प्रथिनांचं असतं, वरचा चुना तिथवर पोचत नाही. कुत्रा मात्र तो चाटतो आणि जीभ पोळून घेतो.

संध्याकाळपर्यंत सूज उतरली. माझ्या वहीत त्या दिवशीची एकच ओळ आहे: "मधमाशी, तोंडाला सूज, फोनवर सल्ला." ही ओळ पुढे मला फार टोचली.

घटना

पुढच्या वर्षी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी 10 वाजून 55 मिनिटांनी दादांचा फोन आला.

"डॉक्टर, वाघ्यानं विष खाल्लंय. उलट्या केल्या, जागेवरच हगला, आता आडवा पडलाय. आई मिठाचं पाणी पाजते म्हणतीय."

"तोंडातून काहीही देऊ नका. पाणीसुद्धा नको. दादा, त्याचा ओठ वर करा आणि हिरड्यांचा रंग सांगा."

"पांढऱ्या पडल्यात."

शुद्ध हरपत चाललेल्या कुत्र्याला काही पाजलं तर ते फुफ्फुसात जातं, म्हणून ते आधी थांबवलं. मीठ तर कोणत्याच कारणासाठी देऊ नये. उलटी व्हावी म्हणून पाजलेल्या मिठानं रक्तातलं सोडियम वाढून कुत्री दगावली आहेत.

मी एका म्हशीच्या विण्यासाठी गेलो होतो. तिथून वस्ती 14 किलोमीटर, माझा दवाखाना 5. वस्तीपासून दवाखाना 9. मी वस्तीवर जायचं की त्यांनी कुत्रा आणायचा? पिशवीत माझ्याकडे बरंच होतं, पण ऑक्सिजन आणि भरपूर सलाईन दवाखान्यात. मी आणायला सांगितलं. कुशीवर झोपवा, मान सरळ ठेवा, मागचा भाग पोत्यावर थोडा उंच करा. म्हैस विऊन मोकळी झाली होती, वार पडायची होती. मी निघालो.

गाडीतच दादांना पुन्हा फोन लावला. "फवारणी कधी केली होती?"

"पेट्या आणल्यापासून पंपाला हात लावला नाही डॉक्टर. माश्या मरतात ना."

हे वाक्य मी ऐकलं, पण त्या क्षणी मला त्याचा अर्धाच अर्थ लागला.

काय काय असू शकतं

पिकअप 11:30 ला दारात आली. तपासणीत दिसलं ते असं: अर्धवट शुद्ध, हिरड्या पांढुरक्या आणि बोटानं दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त (दोनच्या आत परतायला हवा). हृदयाचे ठोके मिनिटाला 190. मांडीतली नाडी जेमतेम हाताला लागत होती. ताप 99.8 फॅरनहाइट, म्हणजे कुत्र्याच्या मानानं कमी. श्वास जलद, पण घशात घरघर नाही. तोंडाला सूज नाही, अंगावर एकही गांध नाही. शेपटीखाली पातळ शी, तिच्यात रक्ताची झाक.

शेतावरच्या कुत्र्यात उलटी, जुलाब आणि कोसळणं एकदम दिसलं की आमच्या भागात पहिला संशय कीटकनाशकाचा. तो माझाही होता. त्यावरचा उतारा असलेल्या ॲट्रोपिनची बाटली माझ्या हातात होती.

पण ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ धारेनं गळते, अंगभर स्नायू फडफडतात, ठोके पुष्कळदा मंदावतात. वाघ्याच्या बाहुल्या मोठ्या होत्या, तोंड कोरडं, स्नायू ढिले, ठोके 190. चारही गोष्टी उलट्या. शिवाय प्लॉटवर महिनाभर पंप चाललेला नाही. बाटली मी खाली ठेवली.

साप? घोणस चावली तर चावल्याजागी सूज आणि रक्त पाझरणं दिसतं. नाग-मण्यारीत पापण्या गळतात, मान टाकली जाते. चारही पाय, पोट, मान हातानं चाचपली, केस मागे सारून पाहिले, कुठे खूण नाही. तरी स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती न हलवता 20 मिनिटं बाजूला ठेवली. घोणसीच्या विषात बहुधा रक्त गोठत नाही. ही चाचणी कुठल्याही खेड्यात करता येते, तिला वीजही लागत नाही. उष्माघात ताप पाहूनच बाद झाला.

उरली तीव्र ॲलर्जी, ॲनाफिलॅक्सिस. इथे दादांच्या वाक्याचा दुसरा अर्धा लागला. फवारणी बंद होती ती पेट्यांसाठी. पेट्या बांधावर होत्या. आणि माझ्या वहीत आदल्या वर्षीची ती ओळ होती.

माझं मन तरी अडत होतं, कारण तोंडावर सूज नव्हती. माणसाला अशी ॲलर्जी झाली की घसा आवळतो, दम लागतो, अंगावर पित्त उठतं. आपण सगळे तेच चित्र डोक्यात धरून बसतो. कुत्र्याचं तसं नसतं. कुत्र्यात या धक्क्याचा मुख्य मारा यकृतावर आणि आतड्यांवर होतो. हिस्टामिन सुटतं, यकृताच्या शिरांमध्ये रक्त तुंबतं, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून कुत्रा आधी ओकतो, हगतो, आणि मग आडवा होतो. सूज दिसायला वेळच मिळत नाही, कधीकधी ती येतही नाही. नुसतं थोबाड सुजलेला आणि शेपटी हलवणारा कुत्रा दिसायला भयंकर दिसतो, पण बहुतेक वेळा तो बरा असतो. डंखानंतर काही मिनिटांत ओकणारा, पांढऱ्या हिरड्यांचा कुत्रा सुजेशिवायही मरणाच्या दारात असू शकतो.

निर्णय आणि उपचार

डंख अजून सापडला नव्हता. शोधत बसायचं की ॲड्रेनॅलिन, म्हणजे पडलेला रक्तदाब उचलणारं इंजेक्शन, द्यायचं?

मी हिशोब असा केला. निदान चुकलं आणि ॲड्रेनॅलिन दिलं, तर चार वर्षांच्या धडधाकट कुत्र्याला स्नायूतल्या छोट्या डोसानं फारसं बिघडणार नाही. निदान बरोबर आहे आणि मी दिलं नाही, तर कुत्रा जाईल. 11:36 ला मांडीच्या स्नायूत दिलं. डोस किलोला 0.01 मिलिग्रॅम. 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून 22 किलोला 0.22 मिलिलिटर, इतकं थोडं की ते बारीक सिरिंजनंच मोजावं लागतं.

पाठोपाठ पुढच्या पायात सुई घालून रिंगर लॅक्टेट हे सलाईन सुरू केलं, किलोला 20 मिलिलिटरच्या हिशोबानं 440 मिलिलिटर, वीस मिनिटांत. नाकापाशी ऑक्सिजन. ठोके 170 वर आले, हिरड्या मात्र तशाच. 11:50 ला ॲड्रेनॅलिनचा दुसरा डोस. त्यानंतर पाचेक मिनिटांत हिरड्यांवर गुलाबी छटा आली आणि वाघ्यानं दादांच्या आवाजाकडे कान वळवला. दादा भिंतीला टेकून खाली बसले.

मग फेनिरामिनचं, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे एव्हिल म्हणतात त्याचं इंजेक्शन आणि स्टिरॉइड दिलं. हा क्रम मी मुद्दाम लिहितो आहे. पुष्कळ ठिकाणी कुत्र्याला काही चावलं की एव्हिल आणि डेक्सा (हे स्टिरॉइड) टोचून घरी पाठवतात. साध्या सुजेला तेवढं चालतं. कोसळलेल्या कुत्र्यात एव्हिलसारखं अँटिहिस्टामिन पडलेला रक्तदाब उचलत नाही, आणि स्टिरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. तिथे जीव वाचवतं ते ॲड्रेनॅलिन आणि सलाईन, बाकीचं नंतर.

नळीतलं रक्त घट्ट गोठलं होतं. सव्वाबाराला तोंड पुसताना वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला, सुळ्याच्या वर, काटा सापडला. एकच. विष केव्हाच उतरून गेलं होतं, पहिल्या मिनिटभरातच जवळपास सगळं आत जातं, त्यामुळे काढण्याची आता घाई नव्हती. काटा ताजा असताना मात्र तो नखानं खरवडा, चिमट्यानं ओढा, कसाही काढा पण लगेच काढा. पिशवी दाबली जाईल म्हणून चिमटा नको, असं आम्हाला शिकवलं होतं. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की पद्धतीनं फरक पडत नाही, उशिरानं पडतो.

मुलगी पिकअपमधून बरोबर आली होती. काटा पाहिल्यावर ती म्हणाली, "तो गोंड्यातून पळत आला आणि तोंड मातीत घासत होता. मला वाटलं खेळतोय." त्यानंतर पाचच मिनिटांत त्यानं पहिली उलटी केली होती. घरात नेमकी खूण पाहिलेली तीच होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

एका डंखाचं आणि हजारांचं

दुसऱ्या दिवशी दादांच्या शेजाऱ्यांनी विचारलं, एका माशीनं असं कसं होईल, आग्या मोहोळ उठलं असतं तर समजलं असतं. प्रश्न रास्त आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आग्या माश्या उठतात तेव्हा विषाची मात्राच मारते. सस्तन प्राण्यांसाठी ढोबळ अंदाज किलोमागे 20 डंखांचा सांगतात, म्हणजे वाघ्याच्या वजनाला चारेकशे. तिथे रक्तपेशी फुटतात, स्नायू विरघळतात, दोन-तीन दिवसांनी लघवी चहासारखी काळी होते आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पहिल्या दिवशी उठून बसलेला कुत्रा तिसऱ्या दिवशी जाऊ शकतो, म्हणून त्याला अनेक दिवस सलाईन आणि रक्त-लघवीच्या तपासण्या लागतात. ॲलर्जीत मात्रेला अर्थ नसतो. आधीच्या डंखानं शरीर त्या विषाला ओळखून ठेवतं आणि पुढच्या एकाच डंखाला सगळी फौज बाहेर काढतं. आधी डंख झालेल्या प्रत्येक कुत्र्याला असं होत नाही, बहुतेकांना होत नाही. पण कोणाला होईल हे आधी कळत नाही.

रात्र

दुपारी तीनला वाघ्या उठून उभा राहिला. दादांना घरी न्यायचा होता. मी नाही म्हणालो. ॲड्रेनॅलिनचा असर थोडा वेळ टिकतो आणि काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

माझ्याकडे रात्रीचा माणूस नाही. पुण्यात चोवीस तास चालणारं रुग्णालय गाठायला दीड तास, आणि खर्च दादांच्या आवाक्यातला पण जड. दादा म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं." असं म्हणणाऱ्या माणसाच्या वतीनं ठरवणं मला नेहमी जड जातं. रक्तदाब सावरत होता, प्रवासाचा ताण नको होता, म्हणून दवाखान्यातच ठेवायचं ठरलं. दादा फरशीवर सतरंजी टाकून झोपले, मी दर दोन तासांनी पाहायला येत होतो.

साडेनऊला वाघ्याला जुलाब झाला, जवळजवळ निव्वळ रक्ताचा. दादांनी मला हाक मारली तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. पुण्याला निघायचं का, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मी आधी हिरड्या पाहिल्या: गुलाबी. ठोके 130, नाडी भरलेली. आतड्याच्या अस्तराला धक्क्यात जी इजा झाली तिचं रक्त आता बाहेर येत होतं, ही नवी लाट नव्हती. सलाईनचा वेग वाढवला आणि थांबलो. हिरड्या पांढऱ्या असत्या तर ॲड्रेनॅलिन टोचून त्याच क्षणी गाडी काढली असती.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 412 आलं, साधारण 100 च्या आत असायला हवं. मूत्रपिंडाचे आकडे ठीक. यकृताला बसलेला मार असा नंतर रक्तात दिसतो, आणि निदानाला तोही एक आधार मिळाला. तीन दिवस लघवीचा रंग पाहिला, साफ होता. दोन दिवस मऊ भात आणि उकडलेली कोंबडी. दहाव्या दिवशी एएलटी 96.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी आदल्या वर्षीचा फोन. मी सूज उतरवली आणि विषय संपवला. त्या दिवशी दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती: पुढच्या वेळी डंखानंतर उलटी, जुलाब, गुंगी यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता निघा, आणि हिरड्या बघायला शिका. अंगभर गांधी उठल्या होत्या, म्हणजे शरीर नुसत्या डंखाच्या जागेपुरतं बोलत नव्हतं. तेव्हाच ही वाक्यं सांगायची होती.

दुसरी चूक मला अजून झोपेत आठवते. वस्तीपासून 3 किलोमीटरवर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. तो माझ्या डोक्यातच आला नाही. आदल्या वर्षीची नोंद आठवून मी फोनवरच "डंख" हा शब्द उच्चारला असता आणि तिथे कळवलं असतं, तर वाटेत थांबून पहिला डोस देता आला असता. डंखापासून पहिल्या डोसापर्यंत जवळजवळ 55 मिनिटं गेली. त्यातली निदान वीस वाचली असती. वाघ्या तगला तो तरणा होता म्हणून.

हिरड्यांचा प्रश्न फोनवर विचारला ते बरोबर केलं. फवारणीच्या जोडीला "शेवटचं कोणी पाहिलं, काय करत होता" हे विचारायला हवं होतं, आणि ते घरातल्या प्रत्येकाला, मुलांना धरून. तेव्हापासून ते माझ्या प्रश्नांत आहे.

ॲट्रोपिन टोचलं नाही, पण बाटली उचलण्यात आणि ठेवण्यात माझं एखादं मिनिट गेलं. त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. पेट्या नसलेल्या, फवारलेल्या शेतात तोच संशय बरोबर ठरला असता.

आता उरला तो पुढच्या हंगामाचा प्रश्न. पेट्या हटवणं शक्य नव्हतं, बी त्यांच्यावर अवलंबून. ॲड्रेनॅलिन भरलेलं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. ॲम्प्यूल घरी द्यावी का, यावर मी आठवडाभर विचार केला. घरात लहान मूल आहे, आणि घाईत दहापट डोस भरला जाऊ शकतो. शेवटी दादांना आणि वहिनींना दवाखान्यात बसवून, साध्या पाण्यावर दहा-दहा वेळा भरून घेतलं. 1 मिलिलिटरच्या सिरिंजवर योग्य जागी लाल चिकटपट्टी लावली. ॲम्प्यूल काळ्या कागदात गुंडाळून, डब्यात, माठाच्या मागच्या फडताळात, मुलीच्या हाताच्या वर. औषधाचा रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला तर ते टाकायचं. टोचलं तरी दवाखान्यात यायचंच. आणि फुलोऱ्याचे पाच-सहा आठवडे वाघ्या घराच्या मागच्या अंगाला, गोठ्यापाशी, लांब दोरीवर.

यंदा जानेवारीत पेट्या उतरवायच्या आदल्या संध्याकाळी दादा दवाखान्यात आले. खिशातून डबा काढून ॲम्प्यूल उजेडात धरली. पाणी स्वच्छ होतं, पण मुदत मार्चपर्यंतच होती. मी नवी दिली. जुनी त्यांनी माझ्यासमोर टोपलीत टाकली, नव्यावरची तारीख मोबाइलमध्ये टिपून घेतली आणि म्हणाले, "पोरीला पण हिरड्या बघायला शिकवलंय. रोज सकाळी ओठ वर करून बघती, तो वैतागतो."